एकवचन, अनेकवचन आणि मी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "चार शब्द बोला" म्हटले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणची-पापडांविषयी विचाराल तर तासभर सांगेन. पण आज मी बोलणार आहे इंग्रजी शब्दांच्या कोड्यांविषयी. आताच हसू नका, हसण्यासारखे पुढे पुष्कळ आहे.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. मला ते तीनच वर्षे मिळाले. त्यातला एक नियम मी घोकून ठेवला होता : एकाचे अनेक करायचे तर शेवटी 'एस' लावावा. कॅट–कॅट्स, बुक–बुक्स. एवढ्या शिदोरीवर मी माझ्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलीचा अभ्यास घेऊ लागले. एकदा तिच्या वहीत मेंढीच्या 'शीप'चे अनेकवचन मी 'शीप्स' करून दिले. शाळेत त्यावर लाल फुली आली आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून मुलगी माझ्यापुढे वही उघडीना. प्रगतिपुस्तकावर सही करण्यापुरतीच मी उरले. पुढे एकदा ती मैत्रिणीला सांगत होती, "आईला नको विचारूस, तिला येत नाही." मी स्वयंपाकघरातच होते. ती खोटे बोलली नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. मोबाईलही बंद पडला. अंधारात बसल्या बसल्या मुलीने कोडे घातले, "आई, असा एक अनेकवचनी शब्द सांग, की त्याला आणखी एक 'एस' लावला तर तो परत एकवचनी होतो, आणि पुरुषांची बाई होते!" मला कसले येणार? तिनेच मेणबत्तीच्या उजेडात लिहून दाखविले. प्रिन्स म्हणजे राजपुत्र. पुष्कळ राजपुत्र झाले की शेवटी एक 'एस'. त्यापुढे आणखी एक 'एस' लिहा, की झाली एकच राजकन्या, प्रिन्सेस!

मला मोठी मौज वाटली. मी म्हटले, "आता माझे कोडे ऐक. झाड एक, फळ दुसरे. पण दोघांचे अनेकवचन एकच. ओळख." तिला येईना. केळीच्या झाडाला आपण केळ म्हणतो, त्याचे अनेकवचन केळी. फळ ते केळे, त्याचेही केळी. मग विचारले, "जाऊचे अनेकवचन काय?" ती म्हणाली, "जाऊच." मी म्हटले, "जावा! सासूच्या सासवा, ऊच्या उवा." दोघी पोट धरधरून हसलो.

त्या रात्रीपासून आमचा हा खेळच झाला, आणि खेळता खेळता मला एक गोष्ट उमगली. ज्या 'शीप'ने माझी फजिती केली, तसे शब्द आपल्या घरात किती आहेत! एक उंदीर आला, दहा उंदीर आले. शब्द तोच, फरक कळतो तो क्रियापदावरून. इंग्रजीत मात्र त्याच उंदराचा 'माउस'चा 'माइस' होतो, पायाच्या 'फुट'चे 'फीट' होते. आपली भाषा शब्दाचे शेपूट बदलते, इंग्रजी कधी कधी पोटच बदलते, एवढेच. इंग्रजीत कात्री आणि चष्मा एकच असला तरी शब्द अनेकवचनी. आपल्याकडे डोहाळे आणि कांजिण्या तशाच. एखादीला एकच कांजिणी आली, असे कोणी ऐकले आहे का?

आमच्या शेजारच्या सिंधी भाभींनी तर कमालच केली. त्या म्हणाल्या, "आमच्यात एक घोडो, पुष्कळ घोडा." म्हणजे मराठीत जो एकटा घोडा, तो भिंतीपलीकडे गेला की त्याची पागा होते!

आणि आपले गाव पाहा. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. इंग्रजीत बराकीच्या एका इमारतीलाही शेवटी 'एस' लावून 'बॅरॅक्स' म्हणतात. आपण ते 'एस' काढून टाकले, एक बराक केली आणि तिच्या मराठी रीतीने बराकी केल्या. शहाडला गाडीत चढताना आपण "एक लेडीज बसली आहे" म्हणतो, तेव्हा मात्र अनेकींची एक करतो. आपल्या सभेचा 'अजेंडा'सुद्धा मुळात लॅटिनमधले अनेकवचन. आज इंग्रज लोकही तो एकवचनीच धरतात. तेव्हा चुकतो आपणच असे नाही. वापरणारे पुष्कळ झाले की चुकीचाही नियम होतो.

भगिनींनो, मला सांगायचे ते इतकेच. मुले इंग्रजी शाळेत गेली की आपण लाजून त्यांच्या वहीपासून दूर होतो. तसे करू नका. उत्तर येत नसेल तर प्रश्न विचारा, आणि एखादे आपले कोडे त्यांना घाला. माझे इंग्रजी आजही सातवीचेच आहे. पण मुलगी आता वही घेऊन माझ्या ओट्यापाशी येते.

शेवटी तिनेच घातलेले आणखी एक कोडे. इंग्रजीत काळज्यांना 'केअर्स' म्हणतात. हाही शेवटी 'एस' असलेला शब्द. त्याला आणखी एक 'एस' लावला की काय होते? होते 'करेस', म्हणजे मायेने कुरवाळणे. हे उत्तर तिने सांगितले तेव्हा मी तिच्या डोक्याला तेल लावीत होते.