गोळी कुणाला लागू पडते



कशेडी घाटाच्या अलीकडे आपला पोलादपूर-महाड, पलीकडे खेड. दोन्ही बाजूंच्या गावांतून कर्करोगाचा रुग्ण निघाला की बहुतेक वेळा एकच पत्ता सांगतो: परळ, टाटा. त्यात नवल नाही. या डोंगरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली ती लालबाग-परळच्या गिरण्यांत, आणि टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालं तेही त्याच गिरणगावात. आजही कुणाचा तरी काका, कुणाची तरी मावशी तिथल्या चाळीत असते आणि रुग्णाची वळकटी तिथे उतरते. आता खारघरलाही टाटाचं केंद्र आहे. कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला, घाटाची वळणं टळली. तरीसुद्धा सलाइनमधून केमो घेऊन, पोटात मळमळत असताना, एवढा प्रवास करून घरी यायचं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा निघायचं, हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच ठाऊक.

म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगावर एक गोळी निघाली आहे, रोज घरी पाण्याबरोबर घ्यायची, असं कानावर आलं की घराघरांत आशा जागी होते. ती आशा खोटी नाही. पण ही गोळी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णासाठी नाही. ती कुणाला लागू पडते आणि ते आधी कसं कळतं, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

आपल्या शरीरातल्या पेशींच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते निरोप आत पोचवतं, आणि पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात. जखम भरते, कातडी नवी येते, ती याच कामामुळे. हा निरोप आणणाऱ्या पदार्थाच्या शोधात स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. त्यांना १९८६चं नोबेल पारितोषिक मिळालं. दाराच्या बेलसारखं समजा. कुणी बटण दाबलं की बेल वाजते, बोट काढलं की थांबते. काही रुग्णांच्या गाठीतल्या पेशींत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झालेला असतो. मग बटण आत अडकून बसतं. दारात कुणी नसताना बेल वाजतच राहते आणि पेशी वाढतच राहतात. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्यांतला रेणू त्या प्रथिनाच्या आतल्या खाचेत, जिथे त्याला ऊर्जा मिळते नेमका तिथेच, जाऊन बसतो. बेलची वीजच तोडली जाते. त्या एका निरोपावर जगणाऱ्या पेशी मरू लागतात. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर उठतं, त्यात केसांची मुळंही आली आणि रक्त तयार करणारी हाडांतली मज्जाही. ही गोळी त्या मानाने नेमका घाव घालते.

हा बिघाड सहसा माणसाच्या रक्तातून पिढीजात आलेला नसतो, हेही सांगून ठेवतो. बहुतेकांच्या बाबतीत तो त्या गाठीतच जन्मलेला असतो. त्यामुळे आईला कर्करोग झाला म्हणून मुलांनाही होईल, ही भीती या बाबतीत बाळगू नका.

ही समज यायला दोन वर्षं फार घोटाळ्याची गेली. गेफिटिनिब २००२ मध्ये जपानात आणि २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. दिलं तर बहुतेकांवर काहीच परिणाम नाही, आणि मोजक्या रुग्णांत मात्र गाठ काही आठवड्यांत वितळल्यासारखी. कोण हे मोजके? कधीही धूम्रपान न केलेले, स्त्रिया, पूर्व आशियातले लोक त्यांत जास्त दिसत होते. पण असं का, ते कळेना. २००४ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधक गटांनी या रुग्णांच्या गाठी तपासल्या, आणि ईजीएफआरच्या जनुकातला तो बिघाड हाती लागला.

तरी शंका उरली. मग धूम्रपान न करणाऱ्यांना तपासणीशिवायच गोळी दिली तर काय बिघडलं? याचं उत्तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आशियात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिलं. त्यातले जवळजवळ सगळे रुग्ण कधीही धूम्रपान न केलेले होते. ज्यांच्या गाठीत बिघाड सापडला, त्यांच्यापैकी शंभरात एकाहत्तर जणांची गाठ गेफिटिनिबने आकसली. ज्यांच्यात तो सापडला नाही, त्यांच्यापैकी शंभरात जेमतेम एकाची. या दुसऱ्या गटात केमो घेणाऱ्यांचा आजार साधारण साडेपाच महिने आटोक्यात राहिला, तर गोळी घेणाऱ्यांचा दीड महिना. म्हणजे चुकीच्या माणसाला दिलेली गोळी नुसती वाया जात नाही, त्याच्या हातचा मोलाचा वेळ घेऊन जाते. शेजारच्या गावात एकाला गुण आला म्हणून त्याच नावाची गोळी औषधाच्या दुकानातून आणणं किती धोक्याचं आहे, ते यावरून लक्षात यावं.

आपल्याकडे काय स्थिती आहे? टाटा रुग्णालयातल्या संशोधकांनी ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या. हे सगळे ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारचे रुग्ण होते, आणि त्यांच्यापैकी २३ टक्क्यांत हा बिघाड आढळला. चारांतला जवळपास एक. धूम्रपान न करणाऱ्यांत हे प्रमाण जास्त असतं, पण विडी ओढणाऱ्यांतही बिघाड सापडतो, म्हणून त्यांचीही तपासणी टाळायची नाही. याशिवाय दुसरे बिघाडही आहेत. २००७ मध्ये जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटाने एएलके नावाच्या जनुकाची मोडतोड शोधून काढली. ती असणाऱ्या रुग्णांसाठी वेगळ्या गोळ्या आहेत. त्यांतल्या लोर्लाटिनिबच्या अभ्यासात पाच वर्षांनंतरही शंभरातल्या साठ रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाबद्दल असा आकडा वीस वर्षांपूर्वी कुणी उच्चारलाही नसता.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, पन्नाशीतली एक बाई आहे. तंबाखूला कधी हात लावलेला नाही. दोन महिने खोकला, वजन उतरलेलं, छातीत पाणी झालेलं. आपल्याकडे सगळ्यांच्या मनात पहिला येतो तो क्षय, आणि क्षय आपल्याकडे आहेच, त्यामुळे तो विचार चूक नाही. चूक पुढे होते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी क्षयाच्या गोळ्या चालू राहतात, गुण येत नाही, आणि सहा महिने निघून जातात. बाई विडी ओढत नाही म्हणून कर्करोगाचं नावच कुणाच्या तोंडी येत नाही. क्षयाच्या उपचाराने महिना-दोन महिन्यांत खोकला आणि छातीचा फोटो सुधारला नाही, तर सीटी स्कॅन कधी करायचा, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. थुंकीत रक्त पडलं तर तेवढंही थांबू नका.

दुसरी गोष्ट तपासायच्या तुकड्याची. बायोप्सीत काढलेला तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या वडीत जतन करतात. तिला सगळे ब्लॉक म्हणतात. जनुकाची तपासणी या ब्लॉकवर होते. छातीतून काढलेल्या पाण्यातल्या पेशींचाही असा ब्लॉक करता येतो, आणि कित्येकदा दुसरी सुई टोचायची गरजच राहत नाही. म्हणून छातीतलं पाणी काढायचं असेल तर ते तपासणीला पाठवणार का, हे आधी विचारा. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि फाईलसोबत जपून ठेवा. पोलादपूरची माणसं हातात नुसता रिपोर्ट घेऊन परळला पोचतात आणि ब्लॉकसाठी पुन्हा माघारी येतात, हे हेलपाटे टाळता येण्यासारखे आहेत. ब्लॉक कुरियरनेही जातो. रुग्णाने त्यासाठी प्रवास करायची गरज नाही.

टाटा रुग्णालयाच्या एका कामाचा इथे मला अभिमानाने उल्लेख करायचा आहे. डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईजीएफआरचा बिघाड असलेल्या ३५० रुग्णांचे दोन गट केले. एकाला नुसतं गेफिटिनिब, दुसऱ्याला गेफिटिनिब आणि जोडीला केमो. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने थोपला, जोडीने दिल्यावर १६ महिने. आयुष्यही वाढलं. त्रासही वाढला, कारण केमो शेवटी केमोच. २०२० मध्ये हे निष्कर्ष छापून आले, जपानातल्या अभ्यासातही तसंच दिसलं, आणि पुढे ओसिमर्टिनिबच्या जोडीने केमो देऊन जगभर झालेल्या मोठ्या अभ्यासानेही त्याच दिशेला बोट दाखवलं. परदेशातल्या महागड्या औषधाची वाट न पाहता, आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या औषधांतूनच जास्त काय काढता येईल, हा प्रश्न परळच्या डॉक्टरांनी विचारला. मला तो फार मोलाचा वाटतो. तेव्हा गोळी सुरू असताना डॉक्टरांनी केमोही सुचवली तर गोळी फसली असं समजू नका.

गोळीबरोबर राहायचं कसं, हे आता थोडं सविस्तर सांगतो, कारण घरी सगळं आपल्यालाच सांभाळायचं असतं. पहिल्या काही आठवड्यांत चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखे फोड येतात. गावाकडे म्हणतात, औषध गरम पडलं, आणि गोळी बंद करतात. तसं करू नका. आपल्या कातडीलाही त्याच ईजीएफआरची गरज असते, म्हणून हे होतं. कातडी कोरडी पडू देऊ नका, उन्हात टोपी किंवा पदर घ्या, डॉक्टर मलम देतात ते लावा. नखांच्या कडा सुजतात, दुखतात. जुलाब होतात. तेव्हा पेज, जलसंजीवनी आणि डॉक्टरांनी दिलेली जुलाबाची गोळी. फार वाढलं तर डॉक्टर काही दिवस औषध थांबवून पुन्हा सुरू करतात, पण तो निर्णय त्यांचा. एका गोष्टीला मात्र उशीर नको. अचानक नवा दम लागला, कोरडा खोकला आणि ताप आला, तर ती फुप्फुसाची सूज असू शकते. क्वचित होते, पण जिवावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

ॲसिडिटीची गोळी आपल्याकडे सगळे सर्रास घेतात. गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब पोटातलं आम्ल कमी झालं की नीट शोषलीच जात नाहीत. म्हणून ॲसिडिटीचं औषध, झाडपाल्याचं औषध, काहीही चालू असेल तर लाजू नका, सांगा. एर्लोटिनिब उपाशीपोटी घ्यायचं असतं. विडी-सिगारेट सुरू असेल तर त्याचं रक्तातलं प्रमाण घटतं. आणि पावसाळ्याचा विचार करा. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. अशा दिवसांत गोळी संपणं बरं नाही. आषाढ लागण्याआधी पंधरा-वीस दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घरात कोरड्या जागी असू द्या.

पसरलेला आजार या गोळीने मुळासकट जात नाही, हे मला लपवायचं नाही. काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, गाठ वाट काढते. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांत त्याच जनुकात आणखी एक बदल होतो, टी ७९० एम नावाचा, आणि गोळीला खाचेत बसता येत नाही. ओसिमर्टिनिब मुळात त्यावर मात करण्यासाठी तयार झालं. ते मेंदूपर्यंतही चांगलं पोचतं. आज जमेल तिथे ते सुरुवातीलाच देतात. आजार पुन्हा वाढला तर पुन्हा तपासणी लागते, आणि ती कधी कधी नुसत्या रक्तावरही होते. ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढता आली, त्यांच्यापैकी ईजीएफआरचा बिघाड असलेल्यांना नंतर तीन वर्षं ओसिमर्टिनिब दिल्याने आयुष्य वाढल्याचं दिसलं आहे. लवकर सापडणं म्हणूनच महत्त्वाचं.

राहिला पैशाचा प्रश्न. २००८ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एर्लोटिनिबची आपली गोळी सुमारे १६०० रुपयांना आणली. रोश कंपनीची गोळी तेव्हा ४८०० रुपयांना होती. पेटंटचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने सिप्लाच्या गोळीच्या विक्रीला अंतरिम मनाई केली नाही. ते ठरवताना रुग्णांना परवडणाऱ्या किमतीचाही विचार झाला. पुढे २०१५ मध्ये पेटंटभंग झाल्याचं खंडपीठाने म्हटलं खरं, पण तोवर पेटंटची मुदत संपत आली होती. आज गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब अनेक भारतीय कंपन्या बनवतात आणि किमती पुष्कळ उतरल्या आहेत. ओसिमर्टिनिब अजून महागच आहे. जुलै २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याच्यावरचं आयात शुल्क काढून टाकलं, पण तेवढ्याने शेतमजुराच्या घराला ते परवडत नाही.

म्हणून टाटाला गेलात तर पहिल्या दिवशीच वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला कोणता उपचार बसतो, कोणत्या धर्मादाय निधीकडे अर्ज करता येतो, कंपनीची सवलत आहे का, हे तिथे विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. परळला नातेवाईक नसतील तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समितीची वास्तू आहे. दोन्हीकडे बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. तिथल्या जागेचीही चौकशी त्याच विभागात करा, आणि गावाहून निघण्याआधी ब्लॉक पिशवीत घेतला आहे ना, ते एकदा पाहा.