एका खेळाडू स्त्रीची कारकीर्द आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



परीक्षेत उज्ज्वल यश मिळविणाऱ्या मुलामुलींना पारितोषिके देण्याचा मान आपण माझ्यासारख्या एका निवृत्त शिक्षिकेला दिलात, याबद्दल मी चिटणीसांची आणि कार्यकारी मंडळाची ऋणी आहे. पारितोषिकांच्या यादीत मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने आहेत, हे पाहून मन भरून आले. परंतु ती यादी वाचता वाचता एक उणीवही मनाला बोचली. गणित, संस्कृत, विज्ञान या साऱ्यांसाठी पारितोषिके आहेत. खेळासाठी मात्र एकही नाही. म्हणून आज मी आपणापुढे एका खेळाडू स्त्रीची हकीकत ठेवणार आहे. ती आपल्या ज्ञातीची नाही, आपल्या देशाचीही नाही. परंतु गुणांचे कौतुक करताना जातगोत विचारू नये, अशी माझी समजूत आहे.

त्या बाईंचे नाव मॅगी अल्फॉन्सी. त्यांचा जन्म 1983 साली लंडन येथे झाला. जन्मतःच एक पाऊल आत वळलेले. आई मूळची नायजेरियाची. तिने एकटीने मुलीला वाढविले. उत्तर लंडनमधील एडमंटन या साध्या वस्तीत त्यांचे बालपण गेले. मुलगी अंगाने दणकट, स्वभावाने हूड. शाळेत वावगी संगत जडली होती आणि खोड्यांबद्दल बोलणी खावी लागत होती, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. अशा मुलीविषयी आपण काय म्हटले असते, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे.

परंतु त्या शाळेत लिझा बर्जेस नावाच्या व्यायामशिक्षिका होत्या. त्या स्वतः वेल्सच्या महिला रग्बी संघातील नामांकित खेळाडू. ज्या आडदांडपणाची इतरांना अडचण वाटत होती, त्यातच त्यांना सामर्थ्य दिसले. त्यांनी त्या मुलीला रग्बीच्या मैदानाची वाट दाखविली. पुढे सॅरासेन्स या लंडनच्या संघात तिचा खेळ बहरला.

रग्बी हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला नसेल. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी आणि ऐंशी मिनिटांचा सामना. चेंडू हातात घेऊन पुढे धावता येते. परंतु हाताने तो पुढे फेकण्यास मनाई असते. द्यावयाचा तर बाजूच्या किंवा मागच्या सोबत्याकडेच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाने कवेत धरून खाली पाडावयाचे. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड होते, तिची आठवण व्हावी असा हा प्रकार. अल्फॉन्सी यांची जागा फ्लँकरची, म्हणजे जिथे चेंडू तिथे सर्वांआधी पोहोचून पकड करणाऱ्या गड्याची. या कामात त्यांचा असा दरारा होता की, लोक त्यांना 'मॅगी द मशीन' म्हणू लागले.

इंग्लंडच्या संघात त्यांचा प्रवेश 2003 साली झाला. 2006 ते 2012 या काळात इंग्लंडच्या महिलांनी सहा राष्ट्रांची स्पर्धा ओळीने सात वेळा जिंकली. परंतु विश्वचषक मात्र हुलकावणी देत राहिला. 2006 साली कॅनडात झालेल्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने त्यांना 25-17 असे हरविले. चार वर्षे कसून तयारी केली. 2010 चा अंतिम सामना लंडनमध्येच, आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत. आणि तोही न्यूझीलंडनेच 13-10 असा जिंकला. अवघ्या तीन गुणांनी हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या पराभवानंतरही त्यांच्या खेळाची वाखाणणी झाली आणि रग्बीवर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संस्थेने आपला मानाचा पुरस्कार प्रथमच एका स्त्रीला दिला.

त्या पुन्हा चार वर्षे राबल्या. त्या काळी या खेळाडूंना खेळून चरितार्थ चालविणे शक्य नव्हते. संघाच्या कर्णधार केटी मॅक्लीन शाळेत शिकवीत, तर सोफी हेमिंग पशुवैद्य होत्या. नोकरी सांभाळून सराव करावयाचा, असा सगळा खटाटोप. अखेर 17 ऑगस्ट 2014 रोजी पॅरिस येथे इंग्लंडने कॅनडाला 21-9 असे हरवून विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी अल्फॉन्सी यांनी आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती घेतली. 74 आंतरराष्ट्रीय सामने आणि 28 ट्राय ही त्यांची कमाई.

पुढे गोळाफेकीत प्रावीण्य मिळवून 2016 च्या ऑलिंपिकला जावे, अशी ईर्षा त्यांनी धरली; ती सफळ झाली नाही. परंतु 2015 साली पुरुषांच्या विश्वचषकाच्या वेळी त्या दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणून बसल्या आणि 2016 साली जागतिक रग्बीच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले. 2019 पासून इंग्लंडच्या महिला खेळाडूंना पूर्णवेळ वेतनाचे करार मिळू लागले. 2025 साली त्यांनी पुन्हा विश्वचषक जिंकला, तेव्हा ट्विकनहॅमच्या मैदानावर 81,000 हून अधिक प्रेक्षक होते. आधीच्या पिढीने मागे वळून दिलेला चेंडू पुढच्या पिढीने असा पुढे नेला.

आता थोडे माझ्याविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी होती. खोखोत तिचा हात धरणारी शाळेत कोणी नव्हती. ती दहावीत गेली, तेव्हा तिचे वडील मला भेटले आणि म्हणाले, "बाई, आता पुरे झाले. संघातून हिचे नाव कमी करा." मी एका शब्दानेही विरोध केला नाही, उलट 'योग्यच आहे' असे म्हणून तिचे नाव खोडले. ती दाराशी उभी होती. ती काहीच बोलली नाही. पुढे ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि याच मंडळाने तिचा सत्कार केला. त्या दिवशी टाळ्या वाजविताना मला तिच्याकडे पाहवले नाही. लिझा बर्जेस यांनी जे केले, नेमके त्याच्या उलट मी केले होते.

ज्ञातिबंधूंनो, अभ्यास आणि खेळ यांचे हाडवैर आहे, हा समज आपण सोडून दिला पाहिजे. मुलगी मोठी झाली की प्रथम तिचे मैदान सुटते. मुलाचे सुटत नाही. काय लागेल, कोण काय म्हणेल, सोयरिकीच्या वेळी काय सांगावे, या शंका मी जाणते; मीही दोन मुलींची आई आहे. परंतु पाऊल वळलेले असताना एका मुलीने जग जिंकले. आपल्या मुलींची धडधाकट पावले आपण का बांधून ठेवावी?

म्हणून माझी कार्यकारी मंडळाला नम्र विनंती आहे की, पुढील वर्षापासून शालेय खेळात चमकणाऱ्या मुलीसाठी एक पारितोषिक ठेवावे. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून अल्पशी रक्कम मी आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे. पारितोषिकाला माझे नाव देऊ नये. ज्या मुलीचे नाव मी खोडले, तिचे ऋण थोडेतरी फिटावे, एवढीच इच्छा आहे.