गावाचा हवामान आराखडा



मालवणजवळचे देवबाग तुम्हांला ठाऊकच आहे. एका बाजूस दर्या, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी. मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर घरे, माड आणि विहिरी. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असते. ते खाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. दर्या आत सरकला, किंवा आपण पंपाने फार उपसा केला, की खारे पाणी वर येते. मग विहीर मचूळ होते.

म्हातारी माणसे म्हणतात, "दर्यो पुढे इलो." खरेच आहे ते. कोळसा आणि तेल जाळून माणसाने जगाची हवा तापवली. हवेबरोबर समुद्र तापला. तापलेले पाणी फुगते, त्यात वितळलेल्या बर्फाची भर पडते. वादळेही जोर धरतात. २००९ साली फयान आले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. माड पडले, छपरे उडाली, वीज गेली.

यात ग्रामपंचायत काय करणार? तर आराखडा. २०१५ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायती दरवर्षी विकास आराखडा करतात. हवामानाचे काम त्यातच घालायचे.

पण तो कचेरीत बसून होत नाही. आधी गावातून फेरी काढा. कोणती विहीर कोणत्या महिन्यात मचूळ होते? उधाणाचे पाणी कोणत्या पाणंदीतून शिरते? वादळात म्हातारी माणसे आणि पोरे कोणत्या पक्क्या इमारतीत न्यायची? सगळे लिहून काढा. विहिरीचे तर बायांनाच जास्त कळते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असा कायदाच आहे. काकी, मावशी, तिथे गप्प बसू नका.

मग कामे ठरवा. आपल्याकडे पहिली मागणी दगडी बंधाऱ्याची. घरच जायला आले असेल तिथे तो हवाच. पण बंधारा जिथे संपतो, तिथून पुढे लाटा शेजारच्या वाडीची वाळू ओढू लागतात. तेव्हा त्या वाडीलाही विचारा. किनाऱ्यावरची मर्यादवेल उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. खाडीकाठचे कांदळ राखा. ते लाटांचा जोर मोडतात, आणि त्यांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. वेंगुर्ल्यात तर बायांच्या बचतगटाने पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवण्याचा धंदा उभा केला. जिथे ओहोळ आहे, तिथे पाऊस सरल्यावर रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घाला. छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडा. या दोन कामांना पैसा थोडा, माणसे फार लागतात.

प्रत्येक कामापुढे लिहा: कोण करणार, केव्हा, खर्च किती, पैसा कोणत्या योजनेतून. हे नसेल तर तो आराखडा नव्हे, नुसती यादी.

शेवटी ग्रामसभेचा ठराव. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. ज्यांना आपण अजून ग्रामसेवक म्हणतो, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ठराव मोठ्याने वाचायला सांगा. आता तुम्हांलाही वाचता येते. आपली विहीर आणि आपली पाणंद वहीत आली आहे का ते पाहा, आणि मग सही करा.