पाणी आलं तर गोठ्याचं काय?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावागावांत शिरलं. होडी दारात आली, तरी आपल्यातल्या काहीजणी निघेनात. गोठ्यात म्हैस, दारात कुत्रं, त्यांना टाकून जायचं कसं? त्यापायी सगळं घर अडकलं. जनावराची सोय आधी ठरली नसेल, तर माणूसही वेळेवर निघत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

म्हणून आता पावसाळ्याआधीच्या बैठकीत आम्ही घरोघरचं ठरवून घेतो. पाण्याची सूचना आली की रस्ता कोरडा असतानाच, दिवसाउजेडी जनावरं उंचावर न्यायची. कुणाकडे न्यायची, कोण नेणार, हे आधीच बोलून ठेवायचं. थोडी वैरण प्लॅस्टिकच्या कागदात बांधून माळ्यावर ठेवायची. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची, कुत्र्या-मांजराला रेबीजची. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर वहीत आणि जनावराचा फोटो मोबाइलमध्ये हवा. चुकामूक झाली किंवा पंचनामा करायची वेळ आली, तर तोच कामाला येतो. आजारी जनावरासाठी १९६२ हा नंबरही त्याच वहीत लिहा.

आणि नेणं जमलंच नाही, तर दावं सोडा, साखळी काढा, खुराड्याचं दार उघडा. बांधलेलं जनावर जागेवरच बुडतं. मोकळं असलं तर पोहून उंचवटा गाठू शकतं.

आज धार काढताना घरात एवढंच विचारा, “पाणी आलं तर हिला कोण नेणार?” नाव ठरल्याशिवाय उठू नका.