दोर कुणी धरला?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

भांडीकुंडी उरकली असतील तर जरा भिंतीला टेकून बसा. आज मी बियाण्याबद्दल किंवा पापड-लोणच्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय गोष्टीबद्दल. तीही घडलेली नव्हे, तर राक्षस, आसरा, बोलणारी विहीर असली अद्भुत गोष्ट. अशी गोष्ट मी लिहिली, पदरचे पैसे घालून छापली आणि स्वतः फिरून विकली. त्यात बुडता बुडता वाचले. कशी बुडत होते तेही सांगते, कारण तुमच्या कामाचं तेच जास्त आहे.

आमचं गाव माण तालुक्यातलं. दुष्काळ आमच्या पाचवीलाच पुजलेला. माझी आजी सांगायची, जुन्या विहिरीत सात आसरा राहतात, त्यांचा मान ठेवावा. त्यावरून मी गोष्ट रचली. एक धाकटी पोर रात्री कोरड्या विहिरीत उतरते आणि आसरांकडे गावासाठी पाणी मागते. आसरा पाणी देतात, पण प्रत्येक घागरीमागे तिची एक आठवण ठेवून घेतात. घागर भरली की पोरगी कुणाचं तरी नाव विसरते. शेवटी तिच्याकडे एकट्या आईचंच नाव उरतं.

दोन वह्या भरल्या. पण कुणाला वाचून दाखवायची लाज वाटायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "खोटंनाटं लिहून कुणाचं पोट भरलंय?" मग मी गुपचूप एका जाहिरातीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या माणसानं गोष्टीचं एक पान न वाचताच सांगितलं, "ताई, फार सुंदर लिहिलंय." मला तिथंच शहाणपण यायला हवं होतं. 500 प्रती छापून महाराष्ट्रभर दुकानांत ठेवतो म्हणाले. 38,000 रुपये मागितले. 20,000 मी बचत गटातून कर्ज काढलं, महिना शेकडा दोन रुपये व्याजानं. उरलेल्या 18,000 साठी दोन शेळ्या विकल्या.

वर्षभरानं टेम्पोनं खोकी परत आली. 430 प्रती. टेम्पोचं भाडंही मीच भरलं. खोकी कॉटखाली सरकवली. एका खोक्याला वाळवी लागली, 50 पुस्तकं तिनं वाचली, असं मी हसत सांगते. तेव्हा मात्र रात्र रात्र झोप नव्हती. कर्ज गटाचं होतं. माझ्यासारख्याच बायकांनी शंभर-शंभर रुपये टाकून जमवलेला पैसा.

एका बैठकीत माझा हप्ता चुकला. मी खाली मान घालून बसले होते. गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "हप्त्याचं बघू. आधी ते पुस्तक काय आहे ते वाचून दाखव. आमचे पैसे कशात गेले ते तरी कळू दे."

मी वाचलं. बायका गप्प होऊन ऐकत होत्या. विहिरीत आसरा बोलल्या, त्यावर कुणी शंका काढली नाही. आठवणी घागरीत गेल्या, तेही पटलं. पण मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ती पोर रात्री एकटी विहिरीत उतरली, तर वर दोर कुणी धरला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोर गोष्टीत नव्हताच! 500 प्रती छापल्या, त्यातल्या एकाही प्रतीत दोर नव्हता.

मैत्रिणींनो, अद्भुत गोष्ट लिहिणारीनं हे पक्कं ध्यानात ठेवावं. ऐकणारी बाई आसरा मान्य करते, पण दोर विसरलेला मान्य करत नाही. जादू कितीही मोठी असू द्या, तिला नियम हवा आणि तिची किंमत कुणीतरी मोजायला हवी. बाकी सगळं, विहिरीची खोली, घागरीचं वजन, रात्रीचा गारठा, खऱ्यासारखं हवं. ते आपल्याइतकं कुणाला माहीत? आणि चुका सापडतात त्या मोठ्यानं वाचल्यावरच. एकटीनं मनात वाचलं की आपलं सगळंच बरोबर वाटतं.

इंग्लंडमध्ये बिॲट्रिक्स पॉटर नावाच्या बाई होऊन गेल्या. निळा कोट घालणाऱ्या खोडकर सशाची, पीटर रॅबिटची गोष्ट त्यांची. ती त्यांनी 1893 मध्ये एका आजारी मुलाला पत्रातून लिहून पाठवली होती. म्हणजे गोष्ट आधी एका लेकराजवळ गेली, छापखान्यात नंतर. पुढं प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी 1901 मध्ये स्वतःच्या पैशानं छापली. किती प्रती? फक्त 250. त्या संपल्या, मग आणखी थोड्या काढल्या. 1902 मध्ये एका प्रकाशकानं पुस्तक घेतलं आणि ते जगभर गेलं. मी पहिल्याच झटक्याला 500 काढल्या होत्या, तेही दोराशिवाय.

आता पैशाच्या गोष्टी नीट ऐका. पुस्तकावर जो 13 आकडी नंबर असतो, त्याला आयएसबीएन म्हणतात. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था देते आणि त्याला फी लागत नाही. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखिकेलाही अर्ज करता येतो. माझ्याकडून त्या नंबरचे 3,000 रुपये घेतले होते. दुसरं, गोष्टीचा हक्क. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण गोष्ट लिहिली की हक्क आपला झाला. तो आपल्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. म्हणून कुणी कागद पुढं केला, तर "सर्व हक्क" हा शब्द शोधा. समजलं नाही तर सही करू नका. गावातल्या शिकलेल्या पोरीकडून आधी वाचून घ्या. आणि वहीचे फोटो काढून तारखेसकट जपून ठेवा.

छापून झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे पुस्तक लोकांपर्यंत नेणं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात डोंगरदऱ्यांच्या भागात क्रिस्टोफर पाओलिनी नावाचा मुलगा राहत होता. पंधराव्या वर्षी त्यानं एका ड्रॅगनची, म्हणजे उडणाऱ्या अजस्र नागासारख्या प्राण्याची कादंबरी लिहायला घेतली. 'एरागॉन' तिचं नाव. 2002 मध्ये ती त्याच्या आईवडिलांनी घरच्या घरी प्रकाशित केली. मुखपृष्ठ त्यानंच काढलं. मग जुन्या काळचे कपडे घालून तो शाळा, ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं असं शंभराहून जास्त ठिकाणी गेला आणि गोष्ट सांगत फिरला. घरचा खर्च त्या विक्रीवर अवलंबून होता, म्हणजे हौसेचा मामला नव्हता. 2003 मध्ये मोठ्या प्रकाशकानं ते पुस्तक काढलं. आपल्याकडे मुंबईचे अमीश त्रिपाठी यांनी शंकराला माणूस कल्पून कादंबरी लिहिली. ती 2010 मध्ये आली, तेव्हा पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांत फुकट वाटलं होतं. एक घास चाखायला दिला की माणूस ताट मागतो, हे पापड विकणारीला वेगळं सांगायला नको.

मी काय केलं? नऊवारी नेसून, डोक्यावर घागर घेऊन शाळेत गेले. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. तेव्हा शाळांना असं कुणीतरी हवंच असतं. गोष्ट अर्धी सांगते आणि थांबते. मग विचारते, "दोर कुणी धरला असेल?" पोरं ओरडतात. कुणी म्हणतं आजीनं, कुणी म्हणतं बैलानं, एक मुलगी म्हणाली, "तिच्या मैत्रिणींनी, सगळ्यांनी मिळून." माझी चूक होती, तीच आता पुस्तक विकायच्या कामी येते. एका गुरुजींनी विचारलं, यानं अंधश्रद्धा वाढणार नाही का? प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, ही कल्पनेतली गोष्ट आहे असं आत पहिल्याच पानावर छापलंय आणि मुलांना सांगूनच मी सुरुवात करते. नवस, उतारा, उपाय यातलं काही माझ्या गोष्टीत नाही.

बचत गटाच्या प्रदर्शनात टेबलावर चटणीशेजारी पुस्तक ठेवते. व्हॉट्सॲपवर पहिलं प्रकरण माझ्या आवाजात पाठवते. पूर्ण पुस्तक कधीच पाठवत नाही, नाहीतर विकत कोण घेणार?

हिशेबही सांगते. 150 ची छापील किंमत, मी 100 ला दिलं. 310 प्रती गेल्या, 31,000 आले. त्यातून गटाचं मुद्दल आणि व्याज 16 महिन्यांत फिटलं, एसटीचं भाडं निघालं. शेळ्यांच्या 18,000 पैकी साधारण 5,000 परत आले. म्हणजे मी अजून तोट्यातच आहे. पुस्तक काढा आणि श्रीमंत व्हा, असं मी सांगणार नाही.

दुसरं पुस्तक मात्र शहाणपणानं केलं. आधी चार बैठकांत वाचलं, शंका आल्या तिथं दुरुस्त केलं. मग 40 जणींनी 100 रुपये आगाऊ दिले. तालुक्याच्या छापखान्यात 100 प्रती काढल्या, 85 रुपयाला एक. पहिल्यापेक्षा प्रत महाग पडली, पण बुडालंच तर 8,500 बुडतील, 38,000 नाही. आणि यंदा नवं कर्ज नाही.

तुमच्या प्रत्येकीच्या घरात एखादी गोष्ट आहे. आजीची, पिंपळाची, बांधावरच्या सापाची. ती वहीत उतरवा आणि पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं वाचा. कुणी शंका काढली तर रागावू नका. तिनं तुमचे पैसे वाचवले.

आणि हो, आत्याबाई. परवा शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईच्या पुस्तकात दोर नाही, पण गोष्ट लई भारी आहे."