घर हेच मुलाचे पहिले क्रीडांगण
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पूर्वजांच्या कष्टांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच होय. ज्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून या मंदिराला हातभार लावला, जे उन्हापावसात पायपीट करून रविवारच्या मिस्सेला येत राहिले, त्यांचे गुणगान या सप्ताहात पुष्कळ वक्त्यांनी केले आहे. त्यात मी भर घालीत नाही. आज येथे पुढच्या सतरंजीवर जी मुले दाटीवाटीने बसली आहेत, तीच पुढल्या महोत्सवाची यजमान व्हावयाची आहेत. तोवर ती शरीराने धट्टीकट्टी, मनाने प्रसन्न आणि कामाला तत्पर अशी वाढावीत म्हणून आपण आपापल्या घरी काय करीत आहोत, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी वैद्य नव्हे, धर्मशास्त्रीही नव्हे. दोन मुलांचा बाप व एक सामान्य शिक्षक या नात्याने बोलत आहे.

आपल्या प्रभूच्या बाल्याविषयी शुभवर्तमानात फारच थोडे सांगितले आहे. परंतु जे सांगितले आहे त्यात तो ज्ञानाने वाढला आणि शरीरानेही वाढला, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. ही वाढ झाली ती नाझरेथच्या एका सुताराच्या घरी. योसेफाच्या कामाच्या जागी लाकडे उचलावी लागत असतील, मारियेला पाणी आणून द्यावे लागत असेल; सणासाठी यरुशलेमेची वाट तर सारे कुटुंब आप्तेष्टांसह चालत असे. शरीराची, मनाची व आत्म्याची वाढ निरनिराळ्या पेढ्यांवर सोपवावयाची असते, अशी कल्पना त्या घरात नव्हती. आपण मात्र बुद्धी शिकवणीकडे, शरीर डॉक्टरांकडे आणि आत्मा फादरांकडे सोपवून मोकळे होतो.

उदाहरणे दूरदेशीची कशाला पाहिजेत? आपल्या कृष्णाकाठचीच तीन घरे पाहू.

पहिले घर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावातले. दादासाहेब जाधव हे स्वतः पैलवान. त्यांच्या पाच मुलांपैकी धाकटा खाशाबा. त्याला पाचव्या वर्षीच वडिलांनी कुस्तीचे धडे देण्यास आरंभ केला. त्या मुलाने १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याला परदेशी पाठविण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्या भागात अजून सांगितली जाते. बापाने पेरलेल्या रोपाला साऱ्या गावाने पाणी घातले.

दुसरे घर आपल्या सांगलीचे, आणि ख्रिस्ती. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली येथेच एका शिक्षकाच्या घरी झाला. आठ भावंडांतले ते एक. शिक्षकाचा पगार आणि आठ लेकरे, तेव्हा घरात काय सुबत्ता असेल ते आपण ताडू शकता. याच विजयने १९४८ साली ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत ११६ व १४५ धावा काढल्या, आणि १९५२ साली मद्रास येथे भारताने पहिलावहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. परंतु मला त्यांची निराळीच एक खेळी अधिक मोलाची वाटते. १९४३-४४ च्या मोसमात मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत हिंदू संघाविरुद्ध त्यांनी ३०९ धावा केल्या. त्या डावात त्यांचे बंधू विवेक त्यांच्यासमवेत उभे राहिले आणि दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली. त्या तीनशेत विवेक यांच्या धावा अवघ्या २१! एकवीस धावांचे कौतुक कोणते वर्तमानपत्र करणार? तथापि दुसरे टोक घट्ट धरून ठेवणारा भाऊ नसता तर तीनशे नऊ कोठून आल्या असत्या? ज्या घरात एकाच्या यशासाठी दुसरा निर्मत्सर मनाने उभा राहतो, ते घर खरोखर निरोगी म्हणावे.

तिसरे घर जवळच, माधवनगरचे. स्मृती मानधना हिचे नाव आपल्या लहान मुलींनाही ठाऊक आहे. तिचे वडील व भाऊ दोघेही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. भावाचा खेळ पाहून तिला गोडी लागली. नवव्या वर्षी तिची महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील मुलींच्या संघात निवड झाली. वडिलांनी तिच्या खेळाची व्यवस्था पाहिली, आईने आहार सांभाळला, भावाने सरावाला गोलंदाजी केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा ती त्या संघाची उपकर्णधार होती. "मुलीच्या जातीला खेळ कशाला?" हा प्रश्न त्या घरी कोणी धरून बसले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक मातेने करावा.

या तिन्ही घरांत मुलांना पदके मिळाली म्हणून मी त्यांची नावे घेतली, असा समज कृपा करून करून घेऊ नका. लक्षावधी मुलांतून एखाद्यालाच पदक मिळते. या घरांतील जी गोष्ट आपल्या हाती आहे ती एवढीच की, तेथे वडील माणसे मुलांसमवेत अंगणात उतरली. मुलाला "जा, खेळ" असे सांगणे निराळे, आणि "चल, खेळू" असे म्हणणे निराळे.

आता थोडी माझी स्वतःची कथा सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, पण व्याख्यात्याने दुसऱ्यांचीच घरे दाखवावी हे बरे नव्हे.

माझा थोरला मुलगा दहावीत गेला तेव्हा मी त्याचा फुटबॉल माळ्यावर टाकला. पहाटे शिकवणी, दिवसा शाळा, सायंकाळी पुन्हा शिकवणी, असा क्रम मी स्वहस्ते लिहून भिंतीवर लावला. काही दिवसांनी त्याचे डोके दुखू लागले, जेवणावरची वासना गेली, बोलणे हूं आणि ऊंहूं एवढ्यावर आले. डॉक्टरांनी तपासून काही दोष नाही असे सांगितले आणि मला उलट विचारले, "हा खेळतो केव्हा?" मला त्या प्रश्नाचा रागच आला.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची; पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. आमच्या घरात पाणी शिरले व आम्ही मिरजेला बहिणीकडे आश्रयास गेलो. दोन खोल्यांत अकरा माणसे. वीज नाही, फोन बंद, शिकवणीचा प्रश्नच नाही. मुलगा घागरी उचलू लागला, आजीशेजारी बसून भाजी निवडू लागला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी मी चिंताग्रस्त होऊन ओसरीवर बसलो असता परसातून खदाखदा हसण्याचा आवाज आला. फुटक्या कौलांचे तुकडे रचून मुले लगोरी खेळत होती, आणि तो हसणारा माझाच मुलगा होता. कित्येक आठवड्यांत आपण हा आवाज ऐकला नाही, हे मला त्या क्षणी उमगले. त्या रात्री त्याने तिसरी भाकरी मागून घेतली.

पूर ओसरल्यावर घरातला गाळ उपसताना मी त्याला विचारले, "तुला त्रास होत होता तर बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "बोललो होतो बाबा. पण तुम्ही मार्क तेवढे विचारायचात." बंधूंनो, पुराने माझे कपाट, गाद्या, धान्य नेले, ते सर्व पुढे पुन्हा आले. त्या वाक्याने जे नेले ते माझे बापपणाचे घमेंड होते, आणि ते परत न येवो अशी माझी प्रार्थना आहे. मुलाला परीक्षेत गुण किती पडले हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर आपण त्या आकड्यावरूनच माझे म्हणणे तोलाल.

असो. आता घरी करावयाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

प्रथम हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली असे सांगितले की, ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल असा व्यायाम वा खेळ करावा, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ असावेत. साठ मिनिटांसाठी व्यायामशाळेचे शुल्क भरावयास नको. लगोरी, खो-खो, सूरपारंब्या, दोरीवरच्या उड्या यांना पैसा पडत नाही. रविवारी मिस्सेनंतर सारे कुटुंब हरिपूरच्या संगमापर्यंत पायी गेले, वा वर्षातून दोनदा दंडोबाच्या डोंगरावर चढले, तर त्या वाटेवर मुले जे बोलतील ते घरी बसून कधी बोलणार नाहीत.

दुसरे काम. झाडणे, पाणी भरणे, बाजारातून पिशवी आणणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता वाटून द्यावीत. आपली घरात गरज आहे असे ज्या मुलाला वाटते, ते सहसा उदास होत नाही.

तिसरे अन्न. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, हंगामात द्राक्षे आणि तासगावचे बेदाणे, हे सर्व आपल्या जिल्ह्यात पिकत असता रंगीत पुड्यांतील खाऊ मुलांच्या हाती रोज का द्यावा? भडंग सणावारी खुशाल खावा. परंतु दिवसातले एक जेवण तरी सर्वांनी एका पंगतीत, फोन दूर ठेवून घ्यावे.

चौथी झोप व पडदा. याच संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या बालकाला १० ते १३ तास झोप हवी, आणि त्याने पडद्यासमोर दिवसाला एक तासाहून अधिक बसू नये, असे सांगितले. एक वर्षाच्या आतील बालकाला तर पडदा मुळीच दाखवू नये. रडणाऱ्या बालकाच्या हाती फोन देऊन आपण त्याला शांत करीत नाही. त्याच्यापासून आपली सुटका करून घेतो. आणि बापच जर अंथरुणात फोन घेऊन पडला असेल तर मुलाला उपदेश करण्यात अर्थ नाही.

पाचवी गोष्ट सायंप्रार्थना. जपमाळेनंतरची पाच मिनिटे प्रत्येकाने आज आपल्याला आनंद कशाचा झाला व दुःख कशाचे झाले ते सांगावे. आईबापांनीही सांगावे. त्यात गुणांचा प्रश्न काढू नये.

एक सावधगिरीची सूचना. सर्व मुले सारखी नसतात. कोणी अशक्त असतो, कोणाचा पाय अधू असतो, कोणाला गर्दीचे भय वाटते. अशा मुलाची दुसऱ्याशी तुलना करणे हे पाप आहे असे मी समजतो. त्याच्या बेताचा खेळ शोधावा. आणि उदासी फार दिवस टिकली तर लाज न बाळगता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी त्यांच्यावर रागावलो, तसे आपण रागावू नये.

शेवटी धर्मग्रामाला एक विनंती. ज्या मातापित्यांना दोन्ही वेळा कामावर जावे लागते, ज्यांच्या दोन खोल्यांना अंगण नाही, त्यांच्या मुलांनी खेळावे कोठे? या मंदिराचे आवार रोज सायंकाळी दोन तास मुलांसाठी खुले असावे, आणि आपल्यापैकी दोन-दोन वडील माणसांनी पाळीपाळीने तेथे बसावे. पहिल्या पाळीस मी स्वतःचे नाव देतो. फुटबॉलही माझ्या घरून आणीन. तो माळ्यावरून केव्हाच खाली आला आहे.

पुढल्या महोत्सवात या व्यासपीठावर आपल्याच मुलांपैकी कोणी उभे राहील. त्याला आपली नावे आठवोत वा न आठवोत. आपल्या घरी आपण पोटभर खेळलो, पोटभर जेवलो आणि आपले ऐकून घेणारे कोणी होते, एवढे त्याला आठवले तरी आपले जीवन सफल झाले असे समजू. नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या प्रत्येक घराचे रक्षण करो.