बुडालेल्या बँकेच्या किल्ल्या



बँक बुडाली, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु जहाज बुडते तशी बँक बुडत नाही. तिची इमारत जागच्या जागी असते, तिजोरी असते, खतावण्या असतात. तिने दिलेली कर्जे येणे असतात आणि घेतलेल्या ठेवी देणे असतात. बुडालेला असतो तो विश्वास, आणि मागणाऱ्यास मागताक्षणी रोकड मोजून देण्याचे तिचे सामर्थ्य. मागे जे उरते ते सांभाळावयाचे कोणी, त्याचे पैसे करावयाचे कोणी, आणि ते वाटावयाचे कोणी व कोणत्या क्रमाने, या प्रश्नांची उत्तरे आजच्या भाषणात थोडक्यात पाहावयाची आहेत.

अशा वेळी न्यायालय एका माणसाच्या हाती बँकेच्या किल्ल्या देते. मालमत्तेबद्दल वाद चालू असता ती तात्पुरती जपून ठेवावयाची असेल, तर त्यास रिसीव्हर म्हणतात. बँकेचा कारभारच गुंडाळावयाचा असेल, तर लिक्विडेटर किंवा अवसायक म्हणतात. दोघांच्या कामात भेद आहे, पण मूळ तत्त्व एकच आहे. हा माणूस ठेवीदारांचा वकील नव्हे, भागधारकांचा मुनीम नव्हे आणि जुन्या संचालकांचा वारस तर मुळीच नव्हे. तो न्यायालयाचा हात असतो. म्हणूनच त्याच्या ताब्यातील वस्तूस परवानगीवाचून हात लावणे हा न्यायालयाचा अवमान ठरतो.

हात न्यायालयाचा असला तरी तो बांधलेला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चाळिसाव्या आदेशात रिसीव्हरची कर्तव्ये सांगितली आहेत. न्यायालय सांगेल तो जामीन त्याने द्यावा, ठरलेल्या मुदतीत हिशेब सादर करावा, हाती येईल ती रक्कम न्यायालय म्हणेल तेथे भरावी. आणि जाणूनबुजून कसूर केल्यामुळे किंवा ढोबळ हयगयीमुळे मालमत्तेचे नुकसान झाले, तर ते स्वतःच्या पदरचे भरून द्यावे. तसे त्याने न केल्यास त्याचीच मालमत्ता जप्त होऊ शकते. दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्यास कायद्याने किती कडक कसोटी लावली आहे, हे यावरून दिसेल.

बँकेच्या बाबतीत ही कसोटी अधिक कडक होते, कारण येथे दुसऱ्याचे धन म्हणजे हजारो लहान माणसांची पुंजी असते. आपल्या देशात हा प्रश्न विशेष ऐरणीवर आला तो १९६० साली. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केरळातील पालाई सेंट्रल बँकेचा कारभार उच्च न्यायालयाने तात्पुरत्या अवसायकाच्या हाती सोपविला. रिझर्व्ह बँकेने अर्ज केला की उच्च न्यायालयाने बँक बंद करण्याचा आदेश दिलाच पाहिजे, ही कायद्यातील तरतूद न्याय्य आहे काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ साली बहुमताने ती तरतूद वैध ठरली.

आता अवसायकाच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम ताब्याचे. रोकड मोजणे, खतावण्या व दस्तऐवज मोहरबंद करणे, सरकारी रोखे व गहाणखते यांची यादी करणे, शाखांशाखांतून माणसे पाठविणे हे सारे त्यास तातडीने उरकावे लागते. कारण अशा वेळी एका रात्रीत गहाळ झालेले एक पान लाखाचे कर्ज बुडवू शकते.

याच वेळी त्यास एक नाजूक निवड करावी लागते. बँकेच्या इमारतीत जे जे सापडेल ते ते बँकेचेच असते असे नाही. लॉकरमधील चीजवस्तू बँकेच्या नसतात. सुरक्षित ठेवीसाठी दिलेला मोहरबंद डबा बँकेचा नसतो. सोन्याच्या तारणावर कर्ज दिलेले असेल, तर दागिना कर्जदाराचाच असतो. मुद्दल व व्याज भरून तो सोडवून नेण्याचा त्याचा हक्क बँकेबरोबर बुडत नाही. परक्याची वस्तू परक्यास परत करणे आणि बँकेची वस्तू कोणासही उचलू न देणे, या दोन्ही गोष्टी त्यास एकाच वेळी सांभाळावयाच्या असतात. पहिलीत चुकला तर अन्याय एका गृहस्थावर होतो. दुसरीत चुकला तर सर्व ठेवीदारांवर होतो.

दुसरे काम वेळेचे. १९४९ च्या बँकिंग कायद्याने येथे मुदती आखून दिल्या आहेत. आदेशापासून दोन महिन्यांच्या आत अवसायकाने प्राथमिक अहवाल द्यावयाचा, हाती रोकड किती आणि लवकर वसूल होण्याजोगी किती, हे त्यात सांगावयाचे. सामान्य दिवाळ्यात प्रत्येक धनकोस आपले येणे पुराव्याने सिद्ध करावे लागते. बँकेच्या ठेवीदारास मात्र ही सवलत आहे की बँकेच्या पुस्तकात त्याच्या नावे जी रक्कम जमा आहे, ती सिद्ध झालीच असे धरून चालावयाचे. त्याचप्रमाणे, बचत खातेदारास प्रथम अडीचशे रुपयांपर्यंतची रक्कम अग्रक्रमाने द्यावी, असे कायदा सांगतो. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण ज्या काळी तो लिहिला गेला, त्या काळी एखाद्या शिक्षकाच्या घरचे दोन-तीन महिने त्यावर निभावत असत.

तिसरे आणि सर्वांत कठीण काम वसुलीचे. बँकेची खरी मालमत्ता तिजोरीत नसते, ती कर्जदारांच्या घरी असते. अवसायकाने ऋणकोंची यादी करून न्यायालयापुढे ठेवावयाची, त्यांस नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकवावयाचे, आणि यादी कायम झाली की ती हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणावयाची, अशी खास सोय कायद्यात आहे. म्हणजे एकेका कर्जासाठी वेगळा दावा लावून वर्षेच्या वर्षे घालविण्याचे कारण उरत नाही.

परंतु याच ठिकाणी समाजात एक घातक समजूत नांदते. ‘बँकच बुडाली, आता कर्ज कशाला फेडावयाचे?’ असे म्हणणारे गृहस्थ प्रत्येक गावात भेटतात. बँक नावाच्या कोणा श्रीमंत सावकाराला आपण चकविले, असे त्यांना वाटते. वस्तुतः ते चकवीत असतात शेजारच्या ठेवीदारास. एक साधा हिशेब घ्या. ठेवीदारांचे देणे शंभर रुपये आहे आणि सर्व खर्च वजा जाता वसुली साठ रुपयांची झाली, तर प्रत्येकास रुपयामागे साठ पैसे मिळतील. कर्जदारांनी आणखी वीस रुपये दडवून ठेवले, तर तोच वाटा चाळीस पैशांवर येईल. हे वीस पैसे कोणा विधवेच्या, कोणा निवृत्त कारकुनाच्या ताटातून गेलेले असतात.

ज्याची ठेवही आहे आणि कर्जही आहे, त्याची परस्पर वळती होऊ शकते. हा न्याय आहे. पण बँक बंद झाल्यावर घाबरलेल्या ठेवीदारांच्या पावत्या निम्म्या किमतीस विकत घ्यावयाच्या आणि पुऱ्या किमतीने आपल्या कर्जात वळवू पाहावयाचे, हा न्याय नव्हे. जागरूक अवसायकाने अशी वळती मान्य करता कामा नये.

विक्रीच्या बाबतीत त्यास दोन्ही बाजूंनी ओढ असते. ठेवीदार म्हणतात, ‘उद्याच विका आणि आमचे पैसे द्या.’ घाईने विकले तर इमारत व जमीन मातीमोलाने जातात. थांबावे, तर भाडे, पगार, वकिलांची फी आणि खुद्द अवसायकाचा मेहनताना हे सारे त्याच मालमत्तेतून, ठेवीदारांच्याही आधी, वजा होत राहतात. म्हणून चांगल्या अवसायकाची परीक्षा केवळ प्रामाणिकपणात नाही, ती काळ ओळखण्यात आहे. लिलाव उघड असावा, किमतीस न्यायालयाची मान्यता असावी, आणि अवसायकाने किंवा त्याच्या आप्तांनी त्यातील काडीही विकत घेऊ नये, हे दंडक त्यासाठीच आहेत.

चौथे काम जाब विचारण्याचे. बँक का बुडाली? संचालकांनी आपल्याच पेढ्यांस तारणावाचून कर्जे दिली काय? हिशेबतपासनिसांनी डोळे मिटले काय? कोणाच्या कृतीमुळे वा हयगयीमुळे बँकेचे नुकसान झाले असे अवसायकास दिसले, तर त्याने तसा अहवाल द्यावयाचा; मग न्यायालय त्या व्यक्तीची जाहीर तपासणी करू शकते आणि नुकसानभरपाई वसूल करू शकते.

१९६० च्या धक्क्यातून दोन गोष्टी निर्माण झाल्या. कमकुवत बँक बंद करण्याऐवजी दुसऱ्या बँकेत विलीन करण्याचे अधिकार वाढले. २००४ साली हैदराबादची ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली, ती याच मार्गाने. दुसरी गोष्ट ठेवविम्याची. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदारास पंधराशे रुपयांपर्यंत हमी मिळाली. वाढत वाढत ती २०२० साली पाच लाखांवर आली. विम्याचे हे पैसे म्हणजे दान नव्हे. विमा महामंडळ ठेवीदारास जे देते, ते अवसायकाच्या वसुलीतून परत घेते. म्हणजे विमा आला तरी वसुलीचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही. आणि हमीच्या मर्यादेपलीकडे ज्याची ठेव आहे, त्याची सारी भिस्त आजही अवसायकावरच असते.

सहकारी बँकांच्या बाबतीत अवसायक न्यायालय नेमीत नाही, सहकारी संस्थांचे निबंधक नेमतात. २०२० साली म्हापसा अर्बन आणि २०२१ साली मडगाव अर्बन या गोमंतकातील सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने रद्द केले, तेव्हा तेथील ठेवीदारांना या प्रश्नांचा जवळून परिचय झाला असेल. नेमणूक कोणीही करो, कर्तव्ये तीच राहतात.

शेवटी आपल्या वाट्याचे काम. ठेवीदाराने पासबुक आणि पावत्या जपाव्यात, वारसाचे नाव नोंदवावे, नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्यावे, आणि अफवेवर विश्वास ठेवून पावती कवडीमोलाने विकू नये. कर्जदाराने हप्ता थांबवू नये, तो अवसायकाकडेच भरावा व त्याची रीतसर पावती घ्यावी. अवसायक कितीही दक्ष असला तरी तो नवे धन निर्माण करीत नाही. इतरांनी जे प्रामाणिकपणे परत केले, तेवढेच तो न्यायाने वाटू शकतो.